घारी, शिकाऊ विमाने आणि आपला कचरा

विमान आणि पक्षी यांची टक्कर ही विमानाइतकीच जुनी गोष्ट आहे. ७ सप्टेंबर १९०५ रोजी अमेरिकेतील डेटनजवळ मक्याच्या शेतावर ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाची पक्ष्याशी टक्कर झाली. अशा टकरीची ही पहिली नोंद. पुढे ३ एप्रिल १९१२ रोजी कॅलिफोर्नियात कॅल रॉजर्स यांचे विमान समुद्रपक्ष्याशी टक्कर होऊन कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. आदल्याच वर्षी त्यांनी विमानाने संपूर्ण अमेरिका पार केली होती.

आज आपल्या बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी तरुण मुले-मुली छोट्या विमानांवर उड्डाण शिकतात. मोठ्या जेट विमानाच्या इंजिनात पक्षी ओढला जातो, हे आपण ऐकलेले असते. छोट्या विमानाला पुढे पंखा असतो. तेथे खरी भीती समोरच्या काचेची. मोठ्या प्रवासी विमानाची काच सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याची धडक सोसेल अशी तपासलेली असते. शिकाऊ विमानाची काच बहुधा साध्या अ‍ॅक्रिलिकची असते. त्यातच वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. त्यामुळे पाऊण किलोची घारही काच फोडून वैमानिकाला जखमी करू शकते.

उड्डाणाची वेळ सर्वांत नाजूक. विमान जमिनीपासून थोडेच वर असते, वेग कमी असतो, नाक वर असल्याने समोरचे नीट दिसत नाही आणि चूक सावरायला उंची नसते. म्हणून शिकवले जाते ते असे : धावपट्टीवर पक्षी दिसले तर थांबा, ते उडून जाऊ द्या. धावताना टक्कर झाली आणि पुढे पट्टी शिल्लक असेल तर उड्डाण सोडून द्या. हवेत असाल तर आधी विमान सांभाळा. घाबरून नाक वर खेचले तर वेग घटून विमान कोसळते. इंजिन बंद पडल्यास मागे वळण्याचा मोह टाळून समोरच मोकळी जागा पाहून उतरा.

पण पक्षी तेथे येतात कशासाठी? पावसानंतर गवतातल्या किड्यांसाठी बगळे आणि टिटव्या येतात. घारींना मात्र बोलावतो तो बहुतेक वेळा आपणच, उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याने. भारताच्या १९३७ च्या विमान नियमांत विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत विनापरवानगी जनावरे कापण्यास, तसेच पक्ष्यांना आकर्षित करणारी घाण व मांस-मासळीचा कचरा टाकण्यास मनाई आहे.

म्हणून ईदुल-अजहाच्या दिवसांत ही बाब आपल्या घराघरांत बोलली गेली पाहिजे. कुर्बानी ठरवून दिलेल्या जागीच करावी. आतडी, रक्त व हाडे नाल्यात किंवा माळावर न टाकता बंद पिशवीतून पालिकेच्या गाडीत द्यावीत, अथवा परवानगी असेल तेथे खोल पुरावीत. मोहल्ला कमिटीने आधीच पालिकेशी बोलून गाडीची वेळ ठरवावी आणि जुम्याच्या नमाजनंतर ती सर्वांना कळवावी. मटण-चिकनच्या दुकानांनी तर हे वर्षभर पाळायला हवे.

स्वच्छतेला आपण ईमानाचा भाग मानतो. आपल्या दारापासून काही किलोमीटरवर कुणाची तरी लेक पहिल्यांदाच एकटी विमान उडवत असेल. तिच्या वाटेत घारींचे थवे नसावेत, एवढी काळजी आपल्या हातात आहे.