ट्रॅक्टरची कसोटी

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचे एक शेतकरी विल्मॉट क्रोझियर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोठ्या आशेने ट्रॅक्टर घेतला. तो कामास येईना. दुसरा घेतला, त्याचीही तीच गत. तिसरा मात्र चांगला निघाला. खरेदीपूर्वी हा भेद ओळखण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. पुढे क्रोझियर विधिमंडळात गेले आणि त्यांच्या व चार्ल्स वॉर्नर यांच्या प्रयत्नाने १९१९ साली कायदा झाला. विद्यापीठाच्या कसोटीस उतरल्याखेरीज ट्रॅक्टरचा कोणताही नमुना राज्यात विकता येऊ नये व सुटे भाग राज्यातच मिळावेत, असे त्यात ठरले.

कायदा झाला, परंतु कसोटी घ्यावयाची कशाने? तयार यंत्रसामग्री बाजारात नव्हती. ही जबाबदारी विद्यापीठातील कृषि अभियांत्रिकीचे प्रमुख एल. डब्ल्यू. चेस व त्यांचे सहकारी क्लॉड शेड यांजवर पडली. चाचणीची रीत व तिची मूळ उपकरणे या दोघांनीच सिद्ध केली. काम नाजूक होते. मापात चूक झाली तर चांगल्या कारखान्यावर अन्याय, नाहीतर शेतकऱ्याची फसवणूक! त्यामुळे प्रत्येक यंत्रास एकच माप लावणे भाग होते.

पट्ट्यावरील शक्ती व ओढशक्ती निरनिराळी मोजावी लागे. ट्रॅक्टरच्या मागील दांड्यावर किती ओढ पडते व तो किती वेगाने चालतो, यांचा गुणाकार म्हणजे ओढशक्ती. ७५० किलोची ओढ सेकंदाला १ मीटर वेगाने राखली, तर ती १० अश्वशक्ती होते. चाके घसरली की वेग घटतो व इंजिनाची शक्ती मातीतच जिरते. जोडीला इंधनाचीही नोंद होई.

१९१९ च्या शरदात पहिली चाचणी हिमवर्षावामुळे अपुरी राहिली. १९२० च्या वसंतात ‘वॉटर्लू बॉय’ हा ट्रॅक्टर प्रथम कसोटीस उतरला. निष्कर्षातील सोयीचा तेवढाच भाग जाहिरातीत छापण्यास मनाई होती. ही अट विशेष शहाणपणाची म्हटली पाहिजे.

आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षणासाठी निघालेल्या केंद्रात पुढे यंत्रांची चाचणीही होऊ लागली. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकरी बंधूंनी विक्रेत्याकडे चाचणी-अहवाल अवश्य मागावा. ग्रामसेवकांनी त्यातील ओढशक्तीचा व इंधनखर्चाचा तक्ता त्यांस वाचून दाखवावा.