890 फेऱ्या गायब!

म्हसवडच्या एखाद्या किराणा दुकानात जरा उभं राहून बघ. साबण, बिस्किटं, चहापूड, वह्या, टूथपेस्ट! किती कंपन्या, किती गावांचा माल! मग या सगळ्या कंपन्यांच्या गाड्या सातारा-पंढरपूर रस्त्याने इथवर येतात का?

छे! चल, गणित करू.

समज, 10 कारखाने आहेत आणि 100 दुकानं. प्रत्येक कारखान्याने प्रत्येक दुकानात गाडी पाठवली तर किती फेऱ्या? 1000! बाप रे!

आता मध्ये एक मोठ्ठं गोदाम ठेव. कारखान्यांच्या 10 गाड्या तिथे येतील. तिथून 100 गाड्या दुकानांकडे निघतील आणि प्रत्येक गाडीत दहाही कारखान्यांचा माल! फेऱ्या फक्त 110. उरलेल्या 890 गायब!

तुमच्या वर्गाची अंगतपंगत आठव. सगळे डबे मध्ये ठेवायचे आणि प्रत्येकाच्या ताटात थोडं थोडं सगळं वाढायचं. तसंच हे! या गोदामाला म्हणतात वितरण केंद्र. मुंबईजवळच्या भिवंडीत अशी कितीतरी गोदामं आहेत.

तिथली एक गंमत मला फार आवडते. पुष्कळ गोदामांची जमीन ट्रकच्या हौद्याइतकी उंच बांधलेली असते! ट्रक पाठीमागून येऊन भिंतीला टेकला, की ढकलगाडी सरळ आत. खोकी वर उचलायला नकोत, खाली उतरवायला नकोत!

आणि सगळ्यात भारी काय, माहितीये? काही माल गोदामात राहतच नाही! एका दारातून आत, दुसऱ्या दारातून लगेच बाहेर. जो राहतो, त्यातही शिस्त असते. ज्याची मुदत आधी संपणार, तो आधी निघतो. मागून आलेला असला तरी!

पण इतक्या खोक्यांत नेमकं कुठलं कुठे जायचं, हे कळतं कसं? काळ्या रेघांवरून! तो बारकोड. यंत्र त्यावर लाल उजेड टाकतं आणि टूं! नोंद झाली. भारतात नोंदवलेल्या बारकोडचे पहिले तीन आकडे कोणते असतात, सांग पाहू? 890! आपल्या गायब फेऱ्यांइतकेच! हा निव्वळ योगायोग हं, पण कसला झकास!

आता पुन्हा म्हसवडला येऊ. इथे मार्गशीर्षात सिद्धनाथाची रथयात्रा असते. गावात माणसांचा पूर लोटतो. तेव्हा दुकानदारांना जादा माल आधीच मागवून ठेवावा लागतो. ऐन यात्रेच्या गर्दीत टेम्पो शिरणार कुठून?

पुढच्या वेळी बिस्किटं आणायला गेलास किंवा गेलीस, की दुकानदारकाकांना एवढं विचार: “काका, तुमचा माल कुठल्या गोदामातून येतो?” आणि उत्तर आम्हाला नक्की कळव!