मुलीच्या छातीत गाठ लागली? घाबरू नका, पण कापाकापीची घाईही नको

अंबरनाथ/बदलापूर : आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी गाठ लागली की घरात कॅन्सरची धास्ती बसते. मुलांमध्ये स्तनाचा कॅन्सर अतिशय दुर्मिळ आहे. मग ही गाठ असते कसली?

वय काय, ते आधी बघा

८ ते १३ वर्षांत मुलीचे स्तन वाढायला लागतात. सुरुवात बऱ्याचदा एकाच बाजूने होते, दाबलं की दुखतं. हा वाढीचा अंकुर असतो. तो कापला किंवा त्याचा तुकडा तपासायला काढला, तर त्या बाजूचा स्तन पुढे नीट वाढत नाही. मात्र ८ वर्षांच्या आधीच वाढ दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

पाळी सुरू झालेल्या मुलींत बोटाखाली सरकणारी, रबरासारखी गाठ बहुतेक वेळा ‘फायब्रोअडेनोमा’ असते. हा कॅन्सर नव्हे. अनेकदा डॉक्टर काही महिने फक्त लक्ष ठेवतात. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा झपाट्याने वाढत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो.

वयात येणाऱ्या मुलग्यांनाही अशी गाठ येते. ती बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत जिरते. नवजात बाळाची छाती आईच्या हार्मोनमुळे सुजते. ती पिळून ‘दूध’ काढू नका, पू होऊ शकतो.

तपासणी कोणती?

आधी डॉक्टर हाताने तपासतात. गरज वाटली तर सोनोग्राफी करतात. त्यात किरणोत्सर्ग नसतो. या वयात मॅमोग्राफीचा फारसा उपयोग होत नाही. सुईची तपासणी शंका असेल तरच.

लगेच दवाखाना गाठा, जर...

- गाठ दगडासारखी कडक, न हलणारी असेल
- कातडीला खळी पडली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं
- ताप, लाली आणि ठणका असेल
- मुलाला आधी कॅन्सर झाला असेल किंवा छातीला रेडिएशन दिलं असेल

बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय इथे दाखवता येईल. शाळेत, अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येतं. कॅन्सरची शंका आली तर परळचे टाटा रुग्णालय आहे.

लेप, शेक, चोळणं यात वेळ घालवू नका. आणि मुलीला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.