हॅलक्स व्हॅल्गस

हॅलक्स व्हॅल्गस, अर्थात बनियन, ही पायाच्या अंगठ्याच्या सांध्यातील विकृती आहे. (अंगात घालावयाच्या बनियनशी या नावाचा संबंध नाही.) या विकारात अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो व त्याच्या बुडाशी, पावलाच्या आतल्या कडेस, उंचवटा दिसू लागतो. कुरूप किंवा भोवरी म्हणजे जाड झालेली त्वचा. येथे मात्र सांध्याची ठेवणच बदललेली असते. त्यामुळे हा उंचवटा खरवडून कमी होत नाही, उलट जखम होते.

कारणे

अंगठ्यामागील तळव्याचे लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते आणि अंगठा विरुद्ध बाजूस वळतो. बाहेर दिसणारा भाग हे बहुतांशी त्याच हाडाचे टोक असते. क्ष-किरण चित्रात अंगठ्याचा कल १५ अंशांहून अधिक असल्यास विकृती मानतात. पावलाची अशी ठेवण पुष्कळदा आनुवंशिक असते. निमुळती, उंच टाचेची पादत्राणे तिला वाढवतात. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. आमवातातही तो उद्भवतो.

सांधा एकाएकी, विशेषतः रात्री, लाल होऊन असह्य दुखू लागल्यास तो गाऊट असू शकतो. त्याचे उपचार सर्वस्वी निराळे असल्याने तपासणी आवश्यक ठरते.

उपचार

रुंद पुढा, मऊ वरचा भाग व कमी उंचीची टाच असलेली पादत्राणे हा पहिला उपाय होय. उंचवट्यावर मऊ गादी, बर्फाचा शेक व वैद्यकीय सल्ल्याने वेदनाशामके यांनी आराम पडतो. बोटांमधील पट्ट्या वेदना कमी करू शकतात. वाकलेला अंगठा कायमचा सरळ करतात, हा जाहिरातींतील दावा मात्र मान्य करण्याजोगा नाही. वेदनांमुळे चालणे अवघड झाल्यास शस्त्रक्रियेने हाड कापून योग्य जागी बसवतात. हाड सांधण्यास सुमारे ६ आठवडे व सूज पूर्ण उतरण्यास कित्येक महिने लागतात. विकृती पुन्हा उद्भवू शकते. केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया सुचविली जात नाही.

वारी व पायांची निगा

संत तुकाराम महाराजांच्या पालखीची यवत ते वरवंड ही वाटचाल दौंड तालुक्यातील भांडगाववरून होते. आषाढातील या पायी प्रवासात ओली पादत्राणे व सततचे घर्षण यांमुळे उंचवट्यावरील त्वचा सोलवटते. नवी चप्पल वारीतच प्रथम घालणे टाळावे. ती काही आठवडे आधी वापरून पायाला सरावलेली असावी. अंगठ्याची पट्टी रुतत असल्यास चर्मकाराकडून सैल करून घेता येते. मुक्कामी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. भेगांना तेल किंवा व्हॅसलिन लावावे, बेचक्यांत लावू नये.

मधुमेही व्यक्तींच्या पायाची संवेदना मंदावलेली असू शकते, त्यामुळे फोड फुटला तरी कळत नाही. अशांनी अनवाणी चालू नये, तळवे रोज आरशात पाहावेत किंवा सोबत्याकडून पाहून घ्यावेत आणि कुरूपाच्या औषधी पट्ट्या वापरू नयेत, कारण त्यांतील सॅलिसिलिक आम्लाने निरोगी त्वचाही झडते. चिघळलेली जखम, पू किंवा काळसर पडलेले बोट दिसताच पुढचा मुक्काम गाठण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.