त्यांचा चैत्र, आपला चैत्र

धुळवडीचा रंग अंगावरून पुरता उतरलेला नसतो, तोच ग्वाल्हेरच्या फूलबागेत ते वाक्य कानावर येऊ लागतं. सकाळी फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींत, गोपाळ मंदिरातून दर्शन घेऊन निघालेल्या काकू-मावशींत, फाटकापाशी रिक्षाची वाट बघणाऱ्यांतसुद्धा. ‘यांचा चैत्र लागला, आपला अजून पंधरा दिवसांनी.’ इतकं म्हणून कोणी थांबलं तर तक्रार नाही. पण लगेच पुढचं येतं: ‘म्हणजे यांचे सण-उपास आपल्या पंधरा दिवस आधी.’ आणि त्याच्याही पुढचं: ‘मग ग्वाल्हेरात राहून मुंबईच्या पंचांगाने केलेला उपास लागू तरी पडतो का?’

पडतो. आणि तो शेजारच्या भाभीजींनी त्यांच्या पंचांगाने केलेल्या उपासाच्याच दिवशी पडतो. शंभर वर्षांहून अधिक काळ, किंबहुना दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडून तिची लष्कर ही वस्ती झाली तेव्हापासून, मराठी माणूस या शहरात दोन पंचांगांच्या मध्ये राहतो आहे. तरी हा गैरसमज घराघरांत टिकून आहे, आणि त्यापायी सुशिक्षित माणसं सुनेला, आईला, शेजारणीला चुकीचं ठरवतात, याचा खरोखर संताप येतो.

लष्करातल्या कितीतरी मराठी स्वयंपाकघरांत भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी लटकतात: एक ‘कालनिर्णय’, दुसरं जबलपूरचं ‘लाला रामस्वरूप’. दोन्हींत २०२५ सालचं मार्च महिन्याचं पान काढा आणि २५ तारखेच्या चौकटीवर बोट ठेवा. एकात फाल्गुन वद्य एकादशी, दुसऱ्यात चैत्र कृष्ण एकादशी. महिना वेगळा, पण दोन्हीकडे पक्ष तोच, तिथी तीच, वार मंगळवारच आणि एकादशीचं नावही पापमोचनीच. आकाशातला चंद्र त्या पहाटे एकच होता, अमावास्येकडे निघालेला. त्याच्या महिन्याला काय म्हणायचं, एवढाच दोन कॅलेंडरांत फरक.

हा फरक पडतो कशाने? आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणजे अमान्त; उत्तरेतला पौर्णिमेला, म्हणजे पूर्णिमान्त. आपल्याकडे आधी शुद्ध पक्ष, मग वद्य. त्यांच्याकडे आधी कृष्ण, मग शुक्ल. चैत्र शुद्ध पक्ष दोघांच्याही चैत्रात येतो, कारण चैत्री पौर्णिमा दोघांची एकच. राहिला वद्य पक्ष. तो आपण पौर्णिमेनंतरचा घेतो, ते पौर्णिमेआधीच्या शुक्ल पक्षाच्याही आधीचा घेतात. म्हणून प्रत्येक वद्य पक्षाला त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचं नाव असतं.

२०२५चा वसंत दिवसावारी पाहू. १९ मार्चला रंगपंचमी. इंदूरच्या राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, पुण्या-नाशकात रंग खेळले गेले. इंदूरचा हिंदी भाषक तिला चैत्र कृष्ण पंचमी म्हणतो, नाशिककर फाल्गुन वद्य पंचमी. २२ तारखेला इथल्या घरांत बासोडा होता, आदल्या रात्रीचं थंड अन्न, सांतऊच्या शीतला मातेचं दर्शन. त्यांची चैत्र कृष्ण अष्टमी, आपली फाल्गुन वद्य अष्टमी. ३० मार्चला पाडवा, आणि तिथून पुढे पौर्णिमेपर्यंत नावालाही फरक नाही. ६ एप्रिलची रामनवमी, ८ची कामदा एकादशी, १०ची महावीर जयंती, १२ची हनुमान जयंती दोन्ही कॅलेंडरांत चैत्र शुद्धातच. मग १६ एप्रिलची संकष्टी: आपला चैत्र वद्य, त्यांचा वैशाख कृष्ण. २४ची वरूथिनी एकादशीही तशीच. या सबंध यादीत महिन्याच्या नावामुळे पंधरा दिवस इकडेतिकडे झालेला एक तरी सण दाखवा.

एवढ्यानेही पटत नसेल तर दिवाळी बघा. लक्ष्मीपूजन आपल्या आश्विन अमावास्येला, त्यांच्या कार्तिक अमावास्येला. बाड्यावर दिव्यांची रोषणाई दोनदा होते का? महाशिवरात्र आपली माघ वद्यातली, त्यांची फाल्गुन कृष्णातली. आणि फूलबागेतल्याच गोपाळ मंदिरात जन्माष्टमीला राधाकृष्णाला शिंदेकालीन रत्नजडित दागिने चढतात, पोलीस बंदोबस्तात बँकेतून आणून. ते पाहायला शहर लोटतं. त्या गर्दीतला मराठी माणूस श्रावण वद्य अष्टमीला आलेला असतो, त्याच्या पुढे उभा असलेला भिंडचा माणूस भादों, म्हणजे भाद्रपद, कृष्ण अष्टमीला. रांग एकच असते.

याच फूलबागेत माधवराव शिंद्यांनी मंदिराबरोबर मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल सोसायटीची जागाही ठेवली. २०२५ साली रविवारी सकाळी लष्करात गुढ्या उभ्या राहिल्या आणि त्याच संध्याकाळी ईदचा चंद्र दिसला; सोमवारी ३१ मार्चला ईद झाली. अमावास्या संपून वाढू लागलेला तो एकच चंद्र. हिजरी वर्षात अधिक महिना धरत नाहीत, म्हणून ईद दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत जाते. आपण अधिक महिना धरतो, म्हणून पाडवा वसंत सोडून जात नाही.

आता त्या ‘पंधरा दिवसां’चा हिशेब. दोन पंचांगांतल्या एकाच नावाच्या तिथीत पंधरा दिवसांचं अंतर कधीही नसतं. शुद्ध पक्षातली तिथी असेल तर अंतर शून्य. वद्य पक्षातली असेल तर अंतर पूर्ण एका चांद्र महिन्याचं. ही बारीक बाब नव्हे, कारण इथे खरं नुकसान होतं. समजा, आजोबा गेले चैत्र वद्य नवमीला. नातू दर वर्षी इथल्या हिंदी भाषक पंडितजींना सांगतो, ‘चैत्र कृष्ण नवमी’. पंडितजी त्यांच्या पंचांगात चैत्र कृष्ण नवमी काढतात आणि श्राद्ध एक महिना आधी होऊन जातं, म्हणजे आपल्या फाल्गुन वद्य नवमीला. पंडितजींचं काही चुकलेलं नसतं. त्यांना वैशाख कृष्ण नवमी सांगायला हवी होती. उपासाची उगाच काळजी करणारी माणसं नेमकी या ठिकाणी निर्धास्त असतात, याचं वाईट वाटतं. घरच्या वहीत तिथी लिहिताना शेजारी ‘अमान्त’ एवढा एक शब्द लिहा, किंवा सरळ दोन्ही महिन्यांची नावं लिहून ठेवा.

‘पण दोहोंतलं शास्त्रशुद्ध कोणतं?’ हाही प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठरवून हवं असतं. दोन्ही पद्धती जुन्या आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात अमान्त आणि पूर्णिमान्त दोहोंची चर्चा केली आहे. ज्याला वाद घालायचा आहे त्याने तो ग्रंथ उघडावा, मोबाइलवर आलेला संदेश नव्हे. गणिताच्या बाबतीत मात्र एक गोष्ट दोघांनाही सारखीच मान्य आहे: अधिक महिना ठरतो तो अमावास्येपासून अमावास्येपर्यंत. त्या दोन अमावास्यांच्या दरम्यान सूर्याची संक्रांत झाली नाही, तर तो महिना अधिक. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जूनचा, आणि तो मुंबईच्या पंचांगातही तेवढाच, काशीच्याही तेवढाच. उत्तरेच्या पंचांगात त्यासाठी निज, म्हणजे नेहमीच्या, ज्येष्ठाचा कृष्ण पक्ष आधी येतो, मग सबंध अधिक महिना, मग निज ज्येष्ठाचा शुक्ल पक्ष. महिना मधोमध उघडून अधिक आत बसवतात. नाव ठेवण्याची रीत त्यांची वेगळी, पण मोजणी दोघांची एकच.

‘होळीनंतर लगेच यांचं नवं वर्ष’ हेही याच गैरसमजाचं पोर. उत्तरेतला विक्रम संवत बदलतो तो चैत्र शुक्ल प्रतिपदेलाच, म्हणजे आपल्या पाडव्याला. ३० मार्च २०२५ रोजी इथे विक्रम संवत २०८२ आणि आपल्या घरी शके १९४७ एकाच सकाळी सुरू झाले. त्यांच्या चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात जातो.

आता महिन्याच्या नावाने खरा फरक कुठे पडतो तेही सांगायलाच हवं. तिथीला बांधलेल्या व्रताला काही होत नाही. पण जे व्रत सबंध महिन्याला बांधलेलं आहे, त्याला होतं. श्रावणी सोमवार हे त्याचं ठळक उदाहरण. २०२५ साली इथला सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. त्यांचे पहिले सोमवार आपल्या आषाढात गेले, आपले शेवटचे त्यांच्या भादोंत. इथे ‘आपलं-त्यांचं’ म्हणायला जागा आहे, आणि ज्याने त्याने आपल्या घरचा महिना धरावा. उज्जैनला महाकाळाची सवारी सावनाच्या सोमवारी सुरू होते आणि भादोंच्या कृष्ण पक्षातही निघत राहते. २०२५ची शेवटची सवारी १८ ऑगस्टला, म्हणजे आपल्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी. दोन्ही श्रावण तिच्यात सामावतात.

दुसरा खरा फरक सूर्योदयाचा, आणि त्याकडे मात्र कोणी बघत नाही. ग्वाल्हेर मुंबईच्या पूर्वेला साडेपाच अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य मुंबईच्या वीस-बावीस मिनिटं आधी. अक्षांशामुळे ऋतूप्रमाणे यात कमी-जास्तही होतं. बहुतेक दिवस याने काही बिघडत नाही. पण एखादी तिथी नेमकी या दोन सूर्योदयांच्या मध्ये संपली, तर मुंबईच्या आणि ग्वाल्हेरच्या तारखेत खरोखरच एक दिवसाचा फरक येऊ शकतो. संकष्टीला तर हा हिशेब दर महिन्याला लागतो. मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ वाचून इथे ताट वाढायचं नसतं. चंद्रोदय आपल्या गावचा पाहायचा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

नवरात्र आठ दिवसांचं आलं म्हणजे काही तरी अशुभ, असं नव्हे. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं बारा अंशांचं अंतर. ती सुमारे एकोणीस ते सव्वीस तासांपर्यंत कमी-जास्त होते. दोन सूर्योदयांच्या मध्येच लागून मध्येच संपली तर तिचा क्षय. २०२५च्या चैत्रात तृतीयेचा क्षय झाला. २०२६ साली तर खुद्द प्रतिपदेचाच: १९ मार्चच्या सूर्योदयाला अमावास्या होती, सातच्या सुमारास प्रतिपदा लागली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत संपली. पाडवा १९ लाच.

लागोपाठ दोन दिवस एकादशी दिसते तो छापखान्याचा घोळ नसतो. २०२५च्या पापमोचनीला २५ मार्चच्या पहाटे पाचपर्यंत दशमी होती. सूर्योदयाला एकादशी होती, म्हणून स्मार्तांची २५ला. पण सूर्योदयाआधीच्या चार घटकांत, म्हणजे अरुणोदयात, दशमी शिरलेली होती, म्हणून भागवतांची २६ला.

पाडव्याला दिवस-रात्र समान असतात हे खरं नाही. विषुवदिन २०-२१ मार्चच्या आसपास ठरलेला आहे, पाडवा चंद्राबरोबर मागेपुढे होतो. याच कारणाने ‘एक एप्रिल हा हिंदू नववर्षाची टर उडवायला काढलेला दिवस’ हेही टिकत नाही. पाडवा काही दर वर्षी एक एप्रिलला येत नाही.

भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगातला चैत्र हा तिसराच. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून ते सुरू झालं. ते सौर आहे, त्याचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ला. उपास त्यावरून धरत नाहीत.

साबुदाणा ‘अनादि काळापासूनचं उपासाचं अन्न’ नव्हे आणि मांसाहारीही नव्हे. तो कसाव्याच्या कंदातल्या पिष्टाचा होतो, आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेजारच्या कुट्टूच्या पुऱ्यांना नाक मुरडायचंही कारण नाही, कुट्टू तृणधान्य नाही. पीठ मात्र ताजं दळलेलं असावं.

आणि चैत्रगौर. हनुमान जयंती झाली की इथे वैशाख लागला, मग हळदीकुंकू कसं करायचं, असं विचारून कितीतरी मुली आंब्याची डाळ आणि पन्ह्याचा बेत रद्द करतात. अगदी नव्याने इथे लग्न होऊन आलेल्या तर हमखास. त्यांना कोणी तरी नीट सांगायला हवं. गौर बसते चैत्र शुद्ध तृतीयेला, म्हणजे शेजारणीच्या गणगौरीच्याच दिवशी, आणि उठते वैशाख शुद्ध तृतीयेला, अक्षय्यतृतीयेला. म्हणजे आपल्या स्वतःच्या पंचांगानेही तिचे शेवटचे तीन दिवस वैशाखातले असतात. २०२५ साली ती ३१ मार्चला बसली आणि ३० एप्रिलला उठली. मधल्या कोणत्याही दिवशी हळदीकुंकू करावं, आणि भाभीजींनाही बोलवावं.