बालकांचे लसीकरण आणि सुईची भीती

भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रमास प्रारंभ झाला आणि १९८५ साली त्यास सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे स्वरूप आले. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार जन्मतः, ६, १० व १४ आठवड्यांनी आणि ९ महिने पूर्ण झाल्यावर बालकास लसी दिल्या जातात. पुढे १६ ते २४ महिन्यांच्या व ५ ते ६ वर्षांच्या वयात वर्धक मात्रा, तर १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्प प्रतिबंधक लस द्यावयाची असते.

तान्हे मूल मातेच्या कुशीतून केंद्रावर येते. जाणत्या मुलाला मात्र मागची सुई आठवते. त्याचा आकांत पाहून घरच्यांचे मन कच्चे होते आणि ‘पुढच्या वेळी पाहू’ असे म्हणता म्हणता मात्रा राहून जाते. म्हणून बालकाची भीती कमी करणे हाही लसीकरणाचाच भाग मानला पाहिजे.

धाक नको, खोटेही नको

या भीतीचे मूळ पुष्कळदा घरातच असते. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक लसीला शिक्षेचे रूप देतो. याउलट ‘मुळीच दुखणार नाही’ असे सांगितले, तर पहिल्याच टोचणीबरोबर मुलाचा विश्वास उडतो. ‘क्षणभर चिमटा काढल्यासारखे वाटेल, मी जवळच आहे’ एवढे खरे सांगणे पुरेसे होय.

केंद्रावरील साधे उपाय

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लस टोचताना होणाऱ्या वेदना कमी करण्याविषयी मार्गदर्शन केले. त्यातील उपायांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तान्ह्या बालकास लस देताना किंवा त्याच्या थोडे आधी अंगावर पाजावे. मोठ्या बालकास झोपवून दाबून न धरता आईने मांडीवर बसवून जवळ घ्यावे. सहा वर्षांखालील मुलांचे लक्ष खुळखुळा, चित्र किंवा गोष्ट यांत गुंतवावे. एकाच वेळी अनेक लसी द्यावयाच्या असल्यास अधिक दुखणारी लस शेवटी द्यावी. परिचारिकेनेही ‘आता टोचते’ असे न म्हणता ‘आता लस देते हं’ असे शांतपणे म्हणावे. टोचलेली जागा चोळू नये.

लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रावर थांबावयाचे असते. या वेळात मुलास कुरवाळावे. रडल्याबद्दल हिणवू नये. नंतर ताप आल्यास काय करावे, हे परिचारिकेकडून आधीच समजून घ्यावे. ताप येणे अनपेक्षित राहिले नाही, म्हणजे पालकही घाबरत नाहीत आणि त्यांचा धीर मुलाला मिळतो.

शाळा व ग्रामपंचायत

शाळेत लस देताना रांगेतील एक मूल रडले की भीती साऱ्या रांगेत पसरते. यास्तव लस देण्याची जागा पडद्याआड असावी आणि मुलांना एकेक करून बोलवावे. लस कोणत्या रोगापासून रक्षण करते, हे शिक्षकांनी आदल्या दिवशी वर्गात समजावून सांगावे. मोठ्या मुलांना कधी भोवळ येते. त्यांना बसवूनच लस द्यावी.

सत्राच्या जागी सावली, पिण्याचे पाणी, बसावयास बाके आणि थोडा आडोसा यांची सोय ग्रामपंचायतीने केल्यास गर्दीचा गोंधळ टळतो. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी घरभेटीत आजी-आजोबांशीही बोलावे, कारण सुईचा धाक बहुधा लाडापोटीच घातला जातो.

लसीकरण केंद्रातून शांतपणे परतलेले मूल पुढच्या मात्रेसाठीही येते. आणि सर्व मात्रा पूर्ण झाल्या, तरच त्याला पुरेसे संरक्षण लाभते.