शाळेत ‘ळ’ नाही, लायब्ररीत आहे

हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर नाही. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या आमच्या दोन तालुक्यांत वर्गाच्या भिंतीवर तोच तक्ता असतो. गंमत अशी, की घरच्या बोलण्यातही ‘ळ’ फारसा सापडत नाही. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. म्हणजे हे अक्षर पोरांना ना शाळेत भेटतं, ना घरी. ते भेटतं छापील मराठीत, आणि आमच्या बहुतेक पोरांच्या हाती छापील मराठी पहिल्यांदा पडते ती लायब्ररीच्या कपाटातून.

या कपाटांच्या सोबतीनं माझी आजवरची नोकरी झाली. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना किल्ल्यांचा जुडगा आणि ‘शांतता राखा’ची पाटी आठवते. इथलं काम निराळं आहे. इथल्या पोराला देवनागरी वाचता येते आणि मराठी कळते, पण या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख झालेली नसते. ती करून देणं हे माझं काम. त्यासाठी व्याकरण लागत नाही, शिकवणी लागत नाही. लिपी एकच आहे. लागतं फक्त योग्य पुस्तक, आणि त्याआधी एक कविता. ती का, ते पुढे सांगते.

आधी इतिहास, जरा घाईनं. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमची राजधानी नागपूर होती. मग राज्याची नवी रचना झाली, विदर्भ आमच्यापासून तुटला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. संत्री, कापूस, बोली आणि सोयरिकी मात्र नागपूरकडेच बघत राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळं काढून या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. ग्रंथालयांचं म्हणाल, तर बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पंचसूत्री १९३१ ची. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा हवीत, असं लिहिलं आहे. तिथे ग्रंथपाल हवा असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. झाला इतिहास.

रंगनाथनांपाशी मात्र थोडं थांबते, कारण हा गणिताचा मास्तर मला फार आवडतो. लंडनमध्ये एका दुकानात मेकॅनोचं खेळणं पाहून त्यांना आपल्या वर्गीकरणाची कल्पना सुचली. सुटे तुकडे हवे तसे जोडा, हवी ती वस्तू तयार. आणि ज्या १९३१ साली त्यांची पाच सूत्रं छापली गेली, त्याच साली तमिळ मुलखातल्या मन्नारगुडीला बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय सुरू झालं. ही गोष्ट मी मुलांना पोळ्याच्या आठवड्यात सांगते. आमच्याकडे विदर्भासारखाच तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. एका वर्षी पोट्ट्यांनी त्या बैलाला पुठ्ठ्याची गाडी जोडली, तिच्यात तळहाताएवढी पुस्तकं भरली आणि वर्गावर्गांतून फिरवली. पुस्तक घेणाऱ्याकडून बैलाच्या नावानं बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागायलाही ते विसरले नाहीत!

पोळ्याचा विषय निघालाच आहे, तर गोटमारीबद्दल विचारणारच तुम्ही. बाहेरच्या माणसाला पांढुर्ण्याची तेवढीच ओळख असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: परंपरेचा मान झाडाला हार घालून राखता येतो, त्यासाठी कुणाचं डोकं फुटायला नको. पण हे सांगायचं कारण दुसरंच. आमच्या हिंदी कपाटात चंद्रकांत देवताले यांचा कवितासंग्रह आहे, ‘पत्थर फेंक रहा हूँ’. त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आठवीतल्या एका पोरानं ते नाव वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “मॅडम, हे तर आपल्या गावचं पुस्तक आहे!” मी म्हटलं, फार चुकलास असं नाही. कवी जन्मले बैतूल जिल्ह्यातल्या जौलखेड्याला, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. दिलीप चित्र्यांच्या मराठी कविता त्यांनी हिंदीत नेल्या. पोरगं ते पुस्तक घरी घेऊन गेलं. त्यातलं त्याला किती समजलं ते मी विचारलं नाही. तसं विचारायचं नसतं.

कपाटांची रचनाही सांगण्यासारखी आहे. ड्यूई दशांश वर्गीकरणात हिंदी साहित्याला ८९१.४३ हा आकडा आहे, मराठीला ८९१.४६. मध्ये ८९१.४४ वर बंगाली आणि ८९१.४५ मध्ये असमिया, उडिया मंडळी. मराठीच्या पलीकडे ८९१.४७, गुजराती. शाळेच्या लायब्ररीत बंगाली-असमिया पुस्तकं जवळजवळ नसतातच; त्यामुळे आमच्या फळीवर हिंदी संपली की लगेच मराठी सुरू होते. या फळीवर दोन सख्खे भाऊ आहेत. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत, शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत. एकाच घरातले, एकाच मातृभाषेचे. थोरल्यानं हिंदी कवितेचा चेहरा बदलला. धाकट्याला १९७९ मध्ये ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या मराठी ग्रंथासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘घरची भाषा की शाळेची?’ असा पेच घेऊन पालक माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना या फळीसमोर उभं करते. भावंडांनी वाटून घेतल्या भाषा, कुणाचं काय बिघडलं?

आता माझ्या खऱ्या आवडीच्या कोपऱ्याकडे येते: मोठ्यानं वाचलेली कविता. संपादकांनी लेखासाठी जागा दिली आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेणार.

हिंदी शाळेतल्या मुलाला मराठी गोष्टीचं पुस्तक एकदम दिलं, की ते पहिल्या पानावर अडखळतं आणि परत आणून देतं. कवितेचं तसं होत नाही. ती आधी कानावाटे आत जाते. म्हणून मी पुस्तक दाखवतच नाही. नुसती कविता म्हणते. दुसऱ्यांदा म्हणताना यमकाच्या जागी थांबते. तो शब्द पोरं आपोआप भरतात, कारण शब्द घरचाच असतो. तिसऱ्यांदा बाकं वाजायला लागतात. मग सावकाश पुस्तक काढायचं आणि म्हणायचं, “हे बघा, इथे लिहिलेलं आहे.” त्यानंतर पुस्तकासाठी जी झोंबाझोंबी होते, तिचा आवाज मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत जातो.

यासाठी विंदा करंदीकरांसारखा कवी नाही. ‘राणीची बाग’ १९६१ चं, म्हणजे माझ्या आजच्या वाचकांच्या आज्या तेव्हा झबल्यात असतील. पुढे ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’, ‘अजबखाना’ आणि ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’. २००३ चं ज्ञानपीठ मिळवणारा हा कवी मुलांसाठी लिहिताना उपदेशाचं एक बोटही वर करत नाही, म्हणून मला तो थोर वाटतो. ‘राणीची बाग’ वाचताना मात्र मला मुंबईतलं प्राणिसंग्रहालय समजावून सांगावं लागतं. आमच्या छिंदवाड्याकडचं जंगल म्हणजे पेंच. सौंसरकडची एक मुलगी मला म्हणाली, “वाघ पाहायला तिकीट काहून काढते हो, मॅडम? आमच्या मामाच्या वावराकडे तर तो फुकटात येऊन राहिला!” बाकीच्यांनी लगेच आपापल्या मामांचे वाघ बाहेर काढले. तो तास वाघांवरच गेला आणि फार छान गेला.

आणि ‘भुतावळ’! आमच्या कपाटातला ‘ळ’ मुलांना इथे भेटतो. कुणी ‘भुतावल’ वाचतं, कुणी ‘भुतावय’. मी दुरुस्ती सांगत नाही, नुसतं मोठ्यानं वाचते. जीभ टाळूला लावून तो आवाज काढायची पोरांची जी स्पर्धा लागते, ती कुठल्याही शुद्धलेखनाच्या तासापेक्षा जास्त शिकवून जाते. भुतांच्या कविता तर हमखास चालतात. मोठ्यांना वाटतं मुलं घाबरतील. पण घाबरायला मिळावं म्हणूनच पोट्टे त्या पुन्हा पुन्हा मागतात.

मराठी कवितेच्या पाठोपाठ मी हिंदी म्हणते. पाडगावकरांच्या जोडीला सर्वेश्वर दयाल सक्सेनांचं ‘बतूता का जूता’. विनोद कुमार शुक्ल यांनी उतारवयात मुलांसाठी लिहिलं. त्यांना २०२४ चं ज्ञानपीठ मिळालं. म्हणजे आमच्या पोरांच्या दोन्ही भाषांत ज्ञानपीठवाल्यांनी त्यांच्यासाठी लेखणी उचलली आहे. बालकविता हे मोठ्या कवीचं फावल्या वेळचं काम नव्हे, हे शिक्षकांना पटवायला मला हा दाखला फार उपयोगी पडतो.

इथे दोन तक्रारी नोंदवते. पहिली, कवितापाठाच्या स्पर्धा. हात वर केला की आकाश, छातीला लावला की आई! पोरगं कविता विसरतं आणि हातवारे लक्षात ठेवतं. दुसरी, ‘या कवितेतून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न. संत्रं खाल्ल्यावर आपण मुलाला जीवनसत्त्वांची यादी विचारत नाही. मग कवितेनंच काय पाप केलं आहे? माझ्या लायब्ररीत कविता म्हटल्यावर प्रश्न नसतो, फक्त ‘आणखी एक’ ही मागणी असते.

ऐकता ऐकता मुलं लिहायलाही लागतात. विषय मी देत नाही. तरी संत्री येतातच. इथली पोरं दुसरं काय लिहिणार? एका मुलीनं लिहिलं होतं, की संत्र्याच्या घरात दहा बहिणी राहतात, भिंती इतक्या पातळ की कुणाचं गुपित टिकत नाही. अर्धी ओळ हिंदीत होती, अर्धी मराठीत. मी ती तशीच फळ्याशेजारी लावली.

कवितेनं दार उघडलं की गद्याला आत यायला वेळ लागत नाही. तिथे माझा सगळा भरवसा माधुरी पुरंदरे यांच्यावर. ‘राधाचं घर’ मालिकेतली माणसं घरात बोलतात तशी बोलतात, चित्रंही त्यांचीच. पाचवीतला एक मुलगा दोन पानं वाचून चकित झाला, “मॅडम, हे तर समजून राहिलं!” आपल्याला मराठी वाचता येतं ही बातमी त्याला त्या क्षणी कळली होती. २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिला लेखक-सन्मान पुरंदऱ्यांनाच मिळाला, याचा मला घरच्या लग्नासारखा आनंद झाला होता. जरा मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. मासिकांत बालभारतीचं ‘किशोर’, १९७१ पासूनचं. आणि हिंदीत भोपाळच्या एकलव्य संस्थेनं १९८५ मध्ये सुरू केलेलं ‘चकमक’. भोपाळला गेले की मी एकलव्यच्या पुस्तकांवर हात मोकळा सोडते, आणि परतीच्या गाडीत पिशवीचा बंद तुटेल की काय या काळजीत बसते.

‘तोत्तोचान’चं मात्र आमच्याकडे वेगळंच झालं. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादातून हे जपानी पुस्तक मी सौंसरच्या मुलांना वाचून दाखवत होते. शाळा भरते रेल्वेच्या जुन्या डब्यांत, आणि एका रात्री नवा डबा येतो, तो लायब्ररीसाठी. सौंसरची पोरं ताठ बसली. त्यांच्या गावावरून २०१५ पर्यंत नागपूर-छिंदवाडा ‘छोटी लाइन’ धावायची, अडीच फुटांच्या रुळांवरची. मग ती मोठी करण्यासाठी बंद झाली. त्यांचा प्रश्न सरळ होता: “छोटी लाइनचे डबे आता कुठे आहेत? आपल्याला एक देतील का?” नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथे मी मुलांना घेऊन गेले. इंजिन पाहिलं, डबे पाहिले. एका पठ्ठ्यानं डब्यात कपाटं कुठे बसतील याचं माप पावलांनी काढलं. डबा काही मिळाला नाही. पण त्या मापाचा नकाशा झाला आणि तो अजून माझ्या दाखलनोंद वहीत आहे.

शेवटी कामाचं बोलते. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला अनुदान ठरलं आहे, शाळेच्या पातळीप्रमाणे ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत. सीमेवरच्या कुठल्याही शाळेत लहान शाळेचे ५,००० जरी हाती आले, तरी मी असे खर्च करीन: जाडजूड चरित्रकोश आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं अजिबात नाहीत. निम्मे पैसे मराठीला, निम्मे हिंदीला. त्या प्रत्येक निम्म्यातला पहिला वाटा कवितांना, दुसरा चित्रपुस्तकांना, उरलेल्यात मासिकाची वर्गणी. मुलांना आवडलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती, कारण मैत्रिणी एकत्र वाचतात. पुस्तकं आली की त्याच दिवशी वहीत चढवायची, पाठीवर आकडा घालायचा आणि त्याच दिवशी वाटायची. कपाटाला कुलूप घातलं की वर्षाअखेरीस पुस्तकं मोजून बरोबर भरतात, एवढाच त्याचा फायदा. पोट्टे फाडतील, असं शिक्षक मला हमखास बजावतात. फाडू द्या की, डिंक स्वस्त आहे.